थंडीची हर्राशी

मला एका जागी स्वस्थ बसता येत नाही. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. वकिलीत हा दोष खपून गेला, कारण कोर्टात माणसाला उभंच राहायचं असतं आणि बाहेरच्या बाकावर कधी जागा नसते. आता काळा कोट कपाटात गेला, ऑफिस भाच्याच्या हवाली केलं, आणि मी नांदेडच्या घरात या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारते. नवरा पेपर खाली करून विचारतो, "काही हरवलंय का?" हरवलेलं काही नाही. जुने पक्षकार डोक्यात येऊन बसतात, ते उठत नाहीत म्हणून मला उठावं लागतं. हा लेखही मी उठत-बसतच लिहिते आहे, तेव्हा मध्येच धागा सुटला तर सांभाळून घ्या.

माझी वकिली धर्मादायची. खून, दरोडे, घटस्फोट यातलं काही नाही. इतर वकिलांकडे लोक भांडण घेऊन जातात, माझ्याकडे देव घेऊन येत. देवळांचे ट्रस्ट, वाचनालयं, व्यायामशाळा, गणेश मंडळं, गोशाळा. त्यांची नोंदणी करायची, घटना लिहून द्यायची, विश्वस्त बदलले की तसा अर्ज करायचा, आणि विश्वस्त एकमेकांच्या अंगावर गेले की मध्ये पडायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं, चांगल्या कामाला परवानगी कशाला? पण चार घरची वर्गणी गोळा करायची तरी धर्मादाय कार्यालयाचं पत्र लागतं. हे सांगितलं की गणपती मंडळाची पोरं माझ्याकडे अशी बघायची, जणू तो कायदा मीच केलाय.

माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं, मुरुडचं. तिथलं एक भजनी मंडळ माझ्याकडे आलं ते दोन जीप करून, कारण पहिल्या जीपमधले दुसऱ्या जीपमधल्यांशी बोलत नव्हते. भांडण कशावरून, तर पखवाज कुणाच्या घरी ठेवायचा. मी घटनेत कलमच घालून दिलं: महिनाभर याच्याकडे, महिनाभर त्याच्याकडे. पुढे एका लग्नात त्यांच्यातले एक काका भेटले. म्हटलं, "काय काका, पखवाज फिरतोय का?" ते म्हणाले, "फिरायलाय की. पण वाजवणारा त्यांच्यातला आन गाणारा आमच्यातला, मनून भजन बंद हाय." कायद्याने जे करता येतं ते मी केलं होतं.

अशा कामात कुणाचं आयुष्य पणाला लागत नाही, असं मला बरीच वर्षं वाटायचं. किनवटच्या एका मुलाने माझं ते वाटणं पुसून टाकलं. आश्रमशाळेतून शिकून निघालेल्या मुलांनी एक मंडळ काढलं होतं, त्याची नोंदणी मी केली होती. वसतिगृहातल्या पोरांना पुस्तकं घ्यावीत म्हणून त्यांनी तिकिटं विकून सायकलची सोडत काढली. ते मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, पण चांगल्या कामाआधी वकिलाला कोण विचारतं? कुणीतरी तक्रार केली आणि अध्यक्ष म्हणून त्या मुलावर जुगाराचा गुन्हा दाखल झाला. नेमकी त्याच वेळी त्याची वनरक्षक म्हणून निवड झाली होती. चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा निघाला आणि निवड गेली. तारखांवर तारखा पडल्या. शेवटी कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं, तेव्हा तो भरतीच्या वयात बसत नव्हता. निकालाची नक्कल हातात धरून तो मला म्हणाला, "मॅडम, मी जिंकलो ना?"

मी हो म्हणाले. आणखी काय म्हणणार? तो आता किनवटच्या स्टेशनासमोर एका हॉटेलात कामाला आहे. तिकडे गेले की मी त्या रस्त्याने जात नाही.

म्हणूनच गोविंद माझ्यासमोर बसून "पोलीस भरती" असं म्हणाला, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

गोविंद अर्धापूरजवळच्या एका गावचा, तिथल्या युवक मंडळाचा अध्यक्ष. उंच, काटक, आणि बोलताना सारखा आपल्या बुटांकडे बघणारा. मैदानी झाली होती, लेखी झाली होती, निवड यादीत नाव आलं होतं. फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. सोबत आई होती, गंगाबाई. गावच्या अंगणवाडीत मदतनीस.

"काय केलंस तू?" मी विचारलं.

"काई न्हाई मॅडम. थंडी सांगायची."

"कुणाला?"

"सगळ्या गावाला."

मग सगळं बाहेर आलं. अर्धापूरकडे केळीच्या बागा. थंडी दहा अंशांच्या खाली उतरली की केळीची वाढ खुंटते, पानं पिवळी पडतात, घड भरत नाही. लोक बांधावर कचरा पेटवून बागेत धूर करतात, पहाटे पाणी देतात. त्यामुळे हिवाळ्यात तिथे रामराम झाल्यावर पहिला प्रश्न असतो, "आज किती?" मंडळाने याच बोलण्याचा खेळ केला. रविवारी पहाटे मारुतीच्या पारावरच्या थर्मामीटरमध्ये पारा कुठे असेल, ते चिठ्ठीवर लिहायचं आणि सोबत दहा रुपये टाकायचे. ज्याचा अंदाज सगळ्यात जवळचा, त्याला जमलेल्यातला थोडा भाग, बाकी सगळं मंडळाला. त्यातून पळायचं मैदान सपाट झालं, गोळाफेकीचा गोळा आला, अभ्यासाच्या खोलीत दिवे लागले. गावातली मुलं-मुली त्या मैदानावर पळून भरतीत उतरत होती. सगळं कसं गोड चाललं होतं.

"मग तक्रार कुणी केली?"

"बाबारावांनी," गंगाबाई म्हणाल्या. "फ्लेक्समुळं."

बाबाराव हे गावातले मोठे बागायतदार. मैदानावर टाकायला मुरूम त्यांनी स्वतःच्या ट्रॅक्टरने आणून दिला होता. मैदानाच्या उद्घाटनाचा फ्लेक्स लागला, त्यावर गल्लीतल्या दोन वर्षांच्या पोराचासुद्धा गॉगल घातलेला फोटो होता, आणि बाबारावांचा राहून गेला. आमच्याकडे बांधावरून झालेली भांडणं एखादे वेळी मिटतात, फ्लेक्सवरून झालेली मिटत नाहीत.

"अरे, मग लावायचा ना नंतर फोटो."

"लावला की मॅडम. दुसऱ्याच दिवशी लावला," गोविंद बुटांना म्हणाला. "पण कोपऱ्यात जागा होती, तिथं लावला. ते अजूनच भडकले."

त्यांनी ठाण्यात लेखी अर्ज दिला होता: युवक मंडळाच्या नावाखाली गावात सट्टा चालतो. गुन्हा अजून दाखल झाला नव्हता, चौकशी चालू होती. गंगाबाईंनी पदराने कपाळ पुसलं. "बाई, मला कायद्यातलं कळत न्हाई. हा खाकी घालून येईल, का खाकीच्या मागं मागं जाईल, तेवढंच सांगा."

मला तेवढंच सांगता येत नव्हतं. कारण जुगारबंदीचा आपला कायदा इंग्रजांच्या काळातला, आणि त्या काळी मुंबईत शेठलोक पावसावर सट्टा खेळायचे म्हणतात. त्यामुळे कायद्यात चक्क पावसाचं नाव घेऊन लिहिलंय, आणि पुढे "इतर कोणत्याही नैसर्गिक घटनेवर" असं झाकण लावलंय. थंडी त्या झाकणाखाली बरोबर मावत होती. चोरी असती तर मी म्हटलं असतं, केली नाही. इथे सगळ्या गावाने पारावर बसून, लाउडस्पीकर लावून हा खेळ केला होता.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेले. चौकशी शेख जमादारांकडे होती. निवृत्तीला आलेला, शांत, दाढीला मेंदी लावलेला माणूस. मी रस्ताभर तयार केलेला युक्तिवाद मांडला. म्हटलं, जमादारसाहेब, हा नशिबाचा खेळ नाही, कौशल्याचा आहे. केळीवाल्याला हवेवरून थंडी कळते. कौशल्याच्या स्पर्धेला जुगार म्हणत नाहीत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही बोलायलाव ते बराबर हाय. पण मग दर रविवारी येगळाच माणूस कामून निघायलाय? कौशल्य दर हप्त्याला घर बदलतंय का?"

माझा युक्तिवाद तिथेच बसला. मी मात्र उभीच होते.

"हे बघा," ते म्हणाले. "पोरगं चांगलं हाय, ते मलाबी दिसतंय. पण अर्ज टेबलावर हाय. सोमवारी अर्जदाराचा जबाब घेणार. त्यांनी मनलं दाखल करा, तर मी दाखल करणार. त्यांनी मनलं माझा गैरसमज झाला, तर कागद फायलीला. तवर पुढचा खेळ तरी कायद्यात बसवा. बसतोय का?"

कायद्याच्या पुस्तकात असं काही लिहिलेलं नसतं, पण ठाण्यात ते असतं. म्हणजे गोविंदची नोकरी बाबारावांच्या जिभेवर होती, आणि माझ्या हातात एकच रविवार होता. त्या रविवारी खेळ असा व्हायला हवा होता की बोट ठेवायला जागा उरू नये.

आता हे जरा समजून घ्या, म्हणजे माझी चूक तुम्हाला नीट कळेल. जुगार व्हायला तीन गोष्टी लागतात. खेळणाऱ्याच्या खिशातून काही गेलं पाहिजे, निकाल नशिबावर पाहिजे आणि जिंकणाऱ्याला काही मिळालं पाहिजे. तिपाईचे तीन पाय म्हणा. एक काढला की तिपाई पडते. मी पहिला पाय काढला: चिठ्ठी फुकट. ज्याला मंडळाला मदत करायची त्याने वेगळी वर्गणी द्यावी, पावती घ्यावी, आणि वर्गणीचा डबा चिठ्ठ्यांच्या डब्यापासून लांब, पाराच्या दुसऱ्या टोकाला. वर्गणीची परवानगी मी धावपळ करून मिळवली. धर्मादाय कार्यालयातले साहेब अर्ज वाचून म्हणाले, "मॅडम, आता हवामानखातंही धर्मादायमध्ये आणता का?" पण सही झाली.

थर्मामीटरला तारेची जाळी आणि कुलूप लावायला सांगितलं, कारण मागे एकदा कुणीतरी आपला आकडा यावा म्हणून पहाटे त्याच्याखाली शेकोटी पेटवली होती. आणि कुलपाची किल्ली बाबारावांकडे द्यायला सांगितली. तक्रारदारानेच कुलूप उघडायचं, त्यानेच आकडा वाचायचा. ही कल्पना मला सुचली तेव्हा मी स्वतःवर फार खूश झाले होते.

"राहिलं बक्षीस," मी गोविंदच्या घरी त्याला म्हटलं. "तिसरा पायही बारीक करून टाकू. रोख काही नको. किरकोळ ठेवा. असं करा, केळीचा एक घड ठेवा."

गोविंदने आईकडे बघितलं. गंगाबाईंनी छताकडे बघितलं. मला वाटलं, माझ्या कायदेशीर बुद्धीपुढे दोघं गप्प झाले. अर्धापूरच्या माणसाला बक्षीस म्हणून केळी देणं म्हणजे मुरुडच्या माझ्या वडिलांना ज्वारीची भाकरी भेट देण्यासारखं आहे, हे मला परत येताना, दोन्ही बाजूंनी केळीच्याच बागा लागल्यावर उमगलं. तोवर गावात दवंडी झाली होती.

गुरुवारी मी नवे नियम समजावून सांगायला पारावर गेले. लोक शांतपणे ऐकत होते. मग एक म्हातारे म्हणाले, "मंजे थंडी फुकट सांगायची?"

"हो."

"मंग तिला काय किंमत ऱ्हायली? दहा रुपये टाकले की माणूस बागेत जाऊन चार वेळा हवा बघत होता. फुकटात कुणीबी काईबी लिहील."

"आन जिंकल्यावर केळी!" मागून कुणीतरी म्हटलं, आणि सगळा पार हसला. गोविंदही हसला, मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो बुटांकडे बघायला लागला.

म्हाताऱ्याचं खरं निघालं. तिथल्या तिथे काही चिठ्ठ्या आल्या, पण कुणी शून्य लिहिलं, कुणी नुसतंच "लई" लिहिलं. वर्गणीचा डबा मी हलवून बघितला, त्यात एकच नाणं खुळखुळलं. मी खेळ कायद्यात बसवला होता, आणि बसता क्षणी त्याने मान टाकली होती. बाबाराव तेवढे खुशीत होते. पांढरंशुभ्र धोतर, हातात माझीच किल्ली. म्हणाले, "रविवारी मी बघायला येणार, मॅडम. आन सोमवारी जबाब द्यायला जाणार."

शुक्रवार आणि शनिवार मी घरात कसे काढले ते माझ्या नवऱ्याला विचारा. मोबाईलवर सारखी थंडी बघत होते. जणू पारा खाली गेला की पोरगं वाचणार होतं.

रविवारी उजाडायच्या आत मी पारावर होते. मफलर, कानटोप्या, घोंगड्या. पोरांनी हलगीवाले बोलावले होते, ते शेकोटीवर हलगी तापवत होते. पारावर तो घड ठेवला होता, आणि घड मात्र खरोखर बघण्यासारखा होता: भरलेला, लांब फण्यांचा, हिरवागार. बाजूला शेख जमादार साध्या कपड्यांत उभे होते. चौकशीसाठी आले होते.

बाबाराव पुढे झाले. कुलूप काढलं, चष्मा लावला, जाळीत वाकून बराच वेळ बघितलं. "साडेनऊ," ते मोठ्याने म्हणाले. त्या आकड्यावर कुणाचंच दुमत नव्हतं. गोविंद चिठ्ठ्या उघडायला लागला. दहा, बारा, आठ, लई. मग त्याचा हात थांबला. त्याने ती चिठ्ठी दोनदा वाचली.

"साडेनऊ," तो म्हणाला. "शेख जमादार."

हलगीवाल्याने हलगी खाली ठेवली. जमादारांचा चेहरा मेंदीच्या दाढीमागे पांढरा पडला. "ते... शनिवारी गस्तीला आलो होतो," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "फुकट होतं मॅडम. मनून टाकली."

"वा रे वा!" बाबाराव ओरडले. "चौकशी करणाराच जिंकला! समदं ठरवून करायलेत. उद्या हेच लिहून देतो. सायबापर्यंत जातो!"

माझं डोकं चालेना. किल्ली त्यांची, आकडा त्यांनी वाचलेला, सगळं चोख, आणि तरी आम्ही पहिल्यापेक्षा खोल गाळात होतो. जमादारांनी घड घेतला तर ती लाच. नाही घेतला तर लोक म्हणणार, दाबून टाकलं. मी पाराला फेऱ्या मारायला लागले. प्रत्येक फेरीत गोविंद समोर यायचा, आणि मला गोविंद दिसत नव्हता. हातात निकालाची नक्कल धरलेलं ते दुसरं पोरगं दिसत होतं.

"मॅडम," जमादार हळूच म्हणाले, "मी हे घेऊ का नको?"

माझ्याआधी गंगाबाई बोलल्या. बायकांच्या घोळक्यातून त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "जमादारसाहेब, तुम्हाला घेता येत नसंल तर मारुतीला द्या. हर्राशी लावा."

आमच्या भागात हे नवं नाही. देवापुढचा नारळ असो, गणपतीपुढचा लाडू असो, शेवटी त्याची हर्राशी होते, म्हणजे लिलाव. बोली वस्तूच्या किमतीची नसतेच. ज्याची बोली शेवटची, त्याचा मान. तो ती वस्तू खांद्यावर घेतो, पुढे हलगी वाजते, आणि गाव त्याला घरापर्यंत पोचवतं. पैसे देवाच्या किंवा मंडळाच्या कामाला जातात. वीस रुपयांच्या नारळासाठी माणसं सावकारासारखी बोली लावतात आणि वर्षभर ते सांगतात.

"दिला," जमादार एका दमात म्हणाले. "मंडळाला दिला. लावा हर्राशी."

"माझे एक्कावन!" गंगाबाईंनी लगेच बोली लावली.

लोक हसले. कुणी साठ म्हटलं, कुणी एकाहत्तर. अर्धापुरात केळीला आणखी काय मिळणार? बोली तिथेच अडली. गंगाबाई घडाजवळ गेल्या, त्यावर हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आसू द्या. बाबारावाच्या बागंचा घड हाय, एकाहत्तरला चाललाय. काय करणार?"

मी बाबारावांकडे बघितलं. ते घडाकडे बघत होते. घड खरंच त्यांच्याच बागेतला होता. गंगाबाईंनी शनिवारी त्यांच्या मुकादमाकडून विकत आणला होता, हे मला नंतर कळलं. का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, गावात सगळ्यात चांगली केळी त्यांचीच, म्हणून. त्यात आणखी काही होतं का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही.

"एकाहत्तर एक वार," गोविंद म्हणाला. "एकाहत्तर दोन वार..."

"थांब रे!" बाबाराव कडाडले. "माझ्या मालाला एकाहत्तर? पाचशे एक!"

मागून कुणीतरी मुद्दाम सहाशे म्हटलं. बाबारावांनी मान न वळवता हजार केले. आता पारावरचे सगळे जागे झाले. पलीकडच्या आळीचे एक बागायतदार होते, त्यांच्यात आणि बाबारावांच्यात पाण्याच्या पाळीवरून जुनी खुन्नस. ते बोलीत उतरले आणि हलगीवाल्याने आपण होऊन ठेका धरला. मी पाराच्या कडेला उभी राहून मनात कलमं चाळत होते. चिठ्ठी फुकट होती, जमादारांनी बक्षीस दान केलं, मंडळाने ते विकलं, घेणाऱ्याने डोळसपणे जास्त दिले. विक्रीला जुगार म्हणत नाहीत, आणि जास्तीचं दिलं ती वर्गणी, तिला परवानगी आहे. बसत होतं! पहिल्यांदाच सगळं बसत होतं. शेवटची बोली कितीची झाली ते मी लिहीत नाही, बाबारावांच्या सूनबाई हा अंक वाचतात.

आपल्याच बागेतला घड बाबारावांनी खांद्यावर घेतला. पांढऱ्या सदऱ्याला चीक लागला, त्याची त्यांनी पर्वा केली नाही. गोविंदने पावती फाडली तेव्हा ते म्हणाले, "नाव नीट लिव. पूर्ण लिव. आन मोठ्यानं वाच." गोविंदने वाचलं, बापाच्या नावासकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हलगी पुढे, घड मागे, आणि सगळं गाव त्यांच्या वाड्याकडे निघालं. जाताना ते गोविंदला म्हणाले, "मैदानाला अजून दोन ट्रॉल्या मुरूम लागंल. पावसात बसंल ते."

तरीही सोमवारी मला धीर नव्हता. मी आणि गंगाबाई ठाण्याच्या व्हरांड्यात होतो. त्या खाली बसल्या होत्या, मी येरझाऱ्या घालत होते. मध्ये त्या म्हणाल्या, "बसा की बाई, तुमच्याकडं बघून मला घेरी यायलीय." बाबाराव आत गेले ते लवकर बाहेर येईनात. आले तेव्हा आमच्याकडे त्यांनी नीट बघितलंही नाही. "आज थंडी कमी हाय," एवढंच म्हणाले आणि गाडीत बसले.

मागून जमादार आले. "गैरसमजातून अर्ज दिला, असा जबाब हाय," ते म्हणाले. "कागद फायलीला."

गंगाबाई रडल्या. मी रडले नाही, पण त्या दिवशी घरी येऊन मी जेवलेही नाही. आनंद झाला होता, तो खरा होता. पण मला चैन पडेना. ते पोरगं कायद्याने वाचलं नव्हतं. मी केलेली नियमांची मांडणी तर रविवारीच कोसळली होती. एका माणसाला फोटो हवा होता, तो त्याला हलगीच्या तालावर मिळाला, म्हणून ते वाचलं. आणि किनवटच्या पोराच्या बाजूने हर्राशी लावणारं कुणी नव्हतं. त्याच्याकडे फक्त वकील होते.

खेळ आजही चालतो, माझ्याच नियमांनी. चिठ्ठी फुकट, घड, मग हर्राशी. मंडळाची नोंदणी झाली आहे. घड कुणाच्या बागेतला, यावरून आता दरवर्षी भांडण होतं, आणि ते भाच्याकडे येतं.

मागच्या महिन्यात मी पासपोर्टसाठी अर्ज केला. मुलगी परदेशी आहे, ती बोलावते. एका दुपारी बेल वाजली, दार उघडलं तर खाकी. इतकी वर्षं वकिली केली तरी खाकी दारात दिसली की मी आधी एक पाऊल मागे सरते. मग वर बघितलं तर गोविंद. बदली होऊन आमच्याच हद्दीच्या ठाण्यात आला होता, आणि पासपोर्टच्या पडताळणीसाठी माझा कागद त्याच्याकडे लागला होता.

"बसा मॅडम," तो माझ्याच घरात मला म्हणाला, आणि मी बसले. चहा नको म्हणाला, ड्यूटीवर आहे. मी डायनिंग टेबलावरची केळी पुढे केली तर हसला आणि म्हणाला, "हर्राशी लावावी लागंल." आई बरी आहे, ड्रेसला इस्त्री अजून तीच करते, दुसऱ्याला हात लावू देत नाही. मग त्याने फॉर्म काढला आणि नेमाप्रमाणे विचारलं, "मॅडम, तुमच्यावर कुठला गुन्हा दाखल हाय का?"

"तुला माहीत नाही?"

"विचारावं लागतं, मॅडम."

मी नाही म्हणाले. त्याने त्या रकान्यात सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: निरंक. सरकारी शब्द आहे, काही नाही एवढाच त्याचा अर्थ. दोन पोरांच्या कागदावर मला तो हवा होता. एकाच्या कागदावर आला.

"गोविंद," मी म्हटलं, "किनवटकडे कधी बंदोबस्त लागला तर स्टेशनासमोर एक हॉटेल आहे. तिथे चहा घे. एक जण चहा देतो, भांगाजवळ त्याचे केस तेव्हाच पिकले होते. त्याला माझा निरोप सांग."

"सांगतो की," तो पेन खिशाला लावत म्हणाला. "काय सांगू?"

मी उठले. खिडकीपर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. गोविंद टोपी हातात धरून उभा होता.